पहिली वळगण सोडून देऊ या

आम्ही वैशाखऱ्याच्या बचत गटातल्या बाया. आज बोलायचंय ते आपल्या ओढ्यावरच्या डोहाबद्दल.

आपलं गाव नाणेघाटाच्या पायथ्याशी. सातवाहनांच्या काळापासून, म्हणजे दोन हजार वर्षं, जुन्नरकडे माल नेणारे इथूनच घाट चढत. त्यांच्या बैलांनीही इथलंच पाणी प्यायलं असेल.

मे महिन्यात ओढा आटतो. पाणी उरतं ते डोहात. खवली, शिंगट्या, मरळ, वाम तिथेच दाटीने जीव धरून राहतात. पहिला जोराचा पाऊस झाला, गढूळ लोंढा आला, की त्यातले बरेच मासे उलटे वर चढतात. ओहोळातून, बांधाच्या खांडातून थेट भाताच्या खाचरात. हीच वळगण. त्यांच्या पोटात गाभोळी असते, ती उथळ पाण्यात सोडायची असते. पिल्लं खाचरात वाढतात आणि पाणी ओसरू लागलं की नदीला परततात.

आमच्या सासवा जुन्या लुगड्याची झोळी करून वळगणीचे मासे धरायच्या. आम्हीही धरतो. गाभोळीचं कालवण कुणाला नको? पण पूर्वी घरापुरतं धरत. आता बॅटऱ्या घेऊन रात्रभर ओहोळ अडवतात. एका मासळीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती चुलीवर गेली, तर पुढच्या साली वर चढणार कोण?

मागे एका उन्हाळ्यात कुणीतरी डोहात ब्लिचिंग पावडर टाकली. बोटाएवढी पिल्लंसुद्धा पांढरी होऊन वर आली. गुरं पाण्याला तोंड लावीनात. पुढची दोन वर्षं वळगण जवळजवळ आलीच नाही.

महाड तालुक्यात वाळणकोंड आहे. काळ नदीचा तो डोह वरदायिनी देवीचा, तिथले मासे कुणी धरत नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेतले मासे महादेवाचे म्हणून राखलेत. पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी सरकारही बंद ठेवतं. मग आपल्या ओहोळाला चार दिवस का नाहीत?

आमच्या गटाने ठरवलंय. उन्हाळ्यात डोह उपसायचा नाही. त्यात पावडर, सुरुंग काही पडू द्यायचं नाही. पहिल्या पावसाची वळगण वर जाऊ द्यायची, मग घरापुरतं धरायचं.

तुमच्याही पाड्यात हे बोला. पाऊस तोंडावर आलाय. राम राम.