बायबलची कथा कोठून वाचावी ?

पुष्कळ सुशिक्षित घरांच्या कपाटांत बायबलची एक प्रत असते. कोणी भेट दिलेली, कोणी महाविद्यालयांत असतांना इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासासाठीं घेतलेली, तर एखादी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सहज उचललेली. त्या प्रतीचीं पहिलीं शंभर-सव्वाशें पानें हाताळून मऊ झालेलीं आणि पुढचीं अगदीं कोरीं करकरीत, असा देखावा मीं अनेक ठिकाणीं पाहिला आहे. श्रोते हो, यांत वाचकाचा दोष नाहीं. ‘उत्पत्ति’ हें पहिलें पुस्तक मोठें गोष्टीवेल्हाळ आहे. ‘निर्गम’ हें दुसरें अर्ध्यापर्यंत एखाद्या नाटकासारखें रंगत जातें. आणि मग एकाएकीं उपासनामंडपाच्या पडद्यांचीं मापें, यज्ञपशूंविषयींचे नियम, त्वचेवरील डागांची परीक्षा यांना प्रारंभ होतो. तिसऱ्या, म्हणजे ‘लेवीय’ नांवाच्या पुस्तकाशीं बहुतेकांचें पाऊल अडतें. माझेंहि तेथेंच अडलें होतें.

माझे एक वृद्ध बेने इस्राएल शेजारी होते, मूळचे अलिबागकडचे. त्यांच्याजवळ मीं ही अडचण बोलून दाखविली तेव्हां ते हंसले व म्हणाले, “अहो, पहिल्या पानापासून वाचतां म्हणूनच असें होतें. घर गेलेल्या माणसांनीं लिहिलेलें पुस्तक आहे हें. घर गेलें कसें, तें आधीं वाचा.” त्या सूचनेप्रमाणें मीं वाचून पाहिलें. त्यांत जें हातीं लागलें तेंच आज तुमच्यापुढें मांडतों.

‘बायबल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘पुस्तकें’ असा अनेकवचनी आहे, आणि तो यथार्थ आहे. त्याचा पूर्वभाग हिब्रू भाषेंत असून थोडा मजकूर अरामी भाषेंत आहे. उत्तरभाग ग्रीकमध्यें आहे. ख्रिस्ती लोक पूर्वभागास ‘जुना करार’ व उत्तरभागास ‘नवा करार’ म्हणतात. यहुदी लोकांना पूर्वभाग तेवढा मान्य, आणि त्याला ते अर्थातच जुना म्हणत नाहींत. प्रॉटेस्टंट प्रतींत एकंदर ६६ पुस्तकें असतात, रोमन कॅथलिक प्रतींत ७३. कायदे, बखरी, वंशावळी, स्तोत्रें, म्हणी, प्रेमगीतें, पत्रें असें सर्व कांहीं त्यांत आहे. इतक्या हातांनीं, इतक्या शतकांत लिहिलेल्या या संग्रहांत एकच एक कथा आहे असें म्हणणें धाडसाचें वाटेल. तथापि ती आहे, आणि तिची गांठ एका विशिष्ट वर्षीं पडलेली आहे.

तें वर्ष इ. स. पू. ५८६. कोणी ५८७ म्हणतात. एका वर्षाचा हा वाद विद्वानांनीं अद्याप जिवंत ठेवला आहे. त्या वर्षीं बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानें यरुशलेम जिंकलें, तट पाडले आणि शलमोन राजानें बांधिलेलें मंदिर जाळून टाकलें. यहूदा देशाच्या राजाचे मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत मारण्यांत आले आणि मग त्याचे डोळे काढले. सरदार, पुरोहित, कारागीर अशा अनेकांना दहा-अकरा वर्षांपूर्वींच, इ. स. पू. ५९७ मध्यें, बाबेलास नेलें होतें. आतां आणखी तांडे निघाले. ‘राजे’ या नांवाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटल्या दोन अध्यायांत हें सर्व कोरड्या शब्दांत सांगितलें आहे. लिहिणारा कोठें गळा काढीत नाहीं. पितळेचीं कोणतीं भांडीं लुटलीं गेलीं याची याद तो देतो, आणि ती वाचतांना आपल्याला गलबलून येतें.

त्या काळची समजूत अशी कीं, देश हरला म्हणजे देशाचा देवहि हरला. उत्तरेकडील भाऊबंदांचें इस्राएल राज्य इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी सैन्यानें बुडविलें होतें, आणि तेथून नेलेले लोक इतिहासांतून जवळजवळ नाहींसेच झाले. यहूदाच्या बंदिवानांचेंहि तसेंच व्हावयाचें. देश नाहीं, राजा नाहीं, मंदिर नाहीं. परंतु या लोकांनीं एक विलक्षण हिशेब मांडला. आपला देव हरलेला नाहीं; आपण त्याच्याशीं केलेला करार मोडला, म्हणून हें घडलें, असें ते म्हणूं लागले. पराभवांतून असा निष्कर्ष काढणें हें प्राचीन काळीं सोपें नव्हतें. मग जुन्या कथा, दरबारच्या बखरी, पुरोहितांचे विधिनियम, राजांना खडसावणाऱ्या प्रेषितांचीं वचनें, सर्व गोळा होऊं लागलें. आज आपल्या हातीं असलेल्या पहिल्या पुस्तकांना त्यांचें सध्यांचें रूप बंदिवासाच्या काळांत अथवा त्यानंतर आलें, असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. त्यांतील कित्येक आठवणी अर्थातच फार जुन्या आहेत.

हें ध्यानांत ठेवून आतां पहिलें पान उघडा. आदाम आणि हव्वा यांना बागेंतून बाहेर काढतात. त्यांचा मुलगा काइन भावाचा खून करून परागंदा होतो. अकरा अध्यायांनंतर अब्राहाम येतो, आणि त्याला आज्ञा काय होते, तर आपला देश व आपलें घर सोडून नीघ. त्याचें घराणें कोठून निघालें ? खास्द्यांच्या ऊर नगरींतून. म्हणजे ज्या मुलखांत बंदिवान येऊन बसले होते त्याच मुलखांतून. त्याला देवानें भूमि, संतति व आशीर्वाद यांचें वचन दिलें. परंतु पत्नी वांझ, आणि भूमि दुसऱ्यांची. पत्नी वारली तेव्हां तिला पुरण्यासाठीं त्याला जागा विकत घ्यावी लागली. नातू याकोब घरांतून पळतो, पणतू योसेफ मिसर देशांत विकला जातो. पुढें त्याच देशांत सारे वंशज गुलाम होतात, मोशे त्यांना सोडवितो, सिनाय पर्वतापाशीं करार होतो, चाळीस वर्षें रानांत जातात. आणि पांचव्या पुस्तकाच्या अखेरीस मोशे नबो पर्वतावर चढून तो वचनदत्त देश दुरून पाहतो व तेथेंच मरतो. यहुद्यांचा जो सर्वांत पवित्र भाग, ‘तोरा’, तो येथें संपतो; देशाच्या बाहेर, नदीच्या अलीकडे. बाबेलांत बसून हें ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ कोणी उकलून सांगण्याची गरज नव्हती.

हें सर्व असेंच घडलें काय, हा प्रश्न मनांत येणारच. मिसरांतून झालेल्या निर्गमनाला बायबलबाहेरचा प्रत्यक्ष पुरावा मिळालेला नाहीं. ‘इस्राएल’ हें नांव मात्र मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखांत येतें. तो लेख इ. स. पू. १२०८ च्या सुमाराचा असून १८९६ मध्यें सांपडला. राजांच्या काळापासून पायाखालची जमीन घट्ट होत जाते. बाबेलच्या उत्खननांत मातीच्या कांहीं विटा सांपडल्या, त्यांवर राजवाड्यांतून दिलेल्या शिध्याचे हिशेब आहेत. यहूदाचा बंदिवान राजा यहोयाखीन व त्याचे मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद त्यांत आहे. ‘राजे’ हें पुस्तक ज्या घटनेनें संपतें ती हीच कीं, या यहोयाखीनास तुरुंगांतून काढून परक्या राजाच्या पंक्तीस बसविलें. कोठाराच्या कारकुनाचा हिशेब आणि धर्मग्रंथाचें शेवटलें पान असे एकमेकांस भेटलेले पाहून मला तरी मोठा आनंद झाला.

बंदिवानांना यिर्मया नांवाच्या प्रेषितानें यरुशलेमहून एक पत्र धाडलें होतें. त्याचा आशय असा : तेथें घरें बांधा, बागा लावा, लेकी-सुनांचे संसार मांडा, आणि ज्या नगरांत तुम्हांस नेलें त्याचें कल्याण चिंता, परतण्यास सत्तर वर्षें लागतील. आपल्याकडे रामाचा वनवास चौदा वर्षांचा, पांडवांचा बारांचा व वर अज्ञातवासाचें एक. गेलेला माणूस स्वतः परत येतो. सत्तर वर्षांची मुदत ऐकणाऱ्यास कळून चुकतें कीं परत जाईल तो नातू.

नातू परतले. इ. स. पू. ५३९ मध्यें इराणच्या कोरेश राजानें, ज्याला इंग्रजी ग्रंथांत सायरस म्हणतात, बाबेल घेतलें आणि बंदिवानांस घरीं जाण्याची मुभा दिली. यशयाच्या पुस्तकांत या पारशी राजाला देवाचा ‘मशीहा’ म्हटलें आहे. मशीहा म्हणजे अभिषिक्त. ज्याच्या मस्तकावर तेल ओतून राज्य वा याजकपद सोंपविलें आहे असा. हिब्रू धर्मग्रंथांत हा शब्द लाभलेला परका राजा हा एकटाच. याच शब्दाचें ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्त’.

मंदिर पुन्हां बांधून झालें तें इ. स. पू. ५१५ मध्यें. परंतु दावीदाच्या वंशाचा राजा सिंहासनावर बसला नाहीं. इराणी गेले, ग्रीक आले, इ. स. पू. ६३ मध्यें रोमचा पाँपी आला. घरीं परत आलों, पण घर आपलें झालें नाहीं, ही रुखरुख पुढच्या पांच शतकांत वाढतच गेली. येथें कथेला दोन वाटा फुटतात.

माझ्या शेजाऱ्यांनीं आपली हिब्रू प्रत मला एकदां शेवटून उघडून दाखविली. छापील हिब्रू प्रतींत शेवटचें पुस्तक ‘इतिहास’ हें असतें आणि तें कोरेशाच्या फर्मानावर संपतें : ज्याला जावयाचें असेल त्यानें वर, यरुशलेमेस, जावें. माझ्या मराठी प्रतींत तींच पुस्तकें निराळ्या क्रमानें लावलेलीं. शेवटीं मलाखी, आणि त्याच्या अखेरीस एलीया प्रेषित पुन्हां येईल असें आश्वासन. पान उलटलें कीं नवा करार, आणि थोड्याच पानांनंतर एलीयासारखाच कातड्याचा पट्टा बांधलेला योहान नदीकांठीं उभा. एका मांडणींत दार उघडलें आहे व आपण निघावयाचें आहे. दुसरींत कोणी तरी येणार आहे. ख्रिस्ती वाचक पूर्वभागाकडे पुष्कळदां केवळ प्रस्तावना म्हणून पाहतो, तो माझ्या मतें अन्याय आहे. वारसा कोणाचा, या वादापायीं युरोपांत यहुद्यांना शतकानुशतकें काय सोसावें लागलें तें सर्वश्रुत आहे. कोंकणांत मात्र हेच लोक शनिवारीं घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणून सुखानें नांदले. एलीयाची वाट तेहि पाहतात. त्याच्या नांवानें मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्यास त्याच्या रथाची खूण म्हणून एक खडक दाखवितात.

नव्या कराराचें पहिलें पान म्हणजे वंशावळ. वाचक तें ओलांडून पुढें जातो, आणि येथेंच चुकतो. मत्तय पिढ्या मोजतो : अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, बंदिवासापासून ख्रिस्तापर्यंत चौदा. शेवटला गट मोजूं जातां नांवांचा हिशेब नीट जुळत नाहीं, तें असो. पण तीन खांबांपैकीं एक बंदिवास आहे. मत्तयाला म्हणावयाचें आहे कीं, तो बंदिवास आतां संपत आहे. येशूच्या तोंडच्या गोष्टीहि त्याच जातीच्या : घर सोडून गेलेला मुलगा, हरवलेलें मेंढरूं. रोमन अधिकारी पिलात याच्या आज्ञेनें इ. स. ३० च्या सुमारास येशूला क्रूसावर देण्यांत आलें. तो मेलेल्यांतून उठला, या श्रद्धेवर त्याच्या शिष्यांनीं कथा पुढें नेली; पौलाचीं पत्रें ही या भागांतील सर्वांत जुनीं लिखाणें. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें दुसरें मंदिरहि जाळलें. आणि ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकांत एक नगर वर्णिलें आहे, त्यांत मंदिर नाहीं. नदी आहे, आणि तिच्या कांठीं पहिल्या बागेंतलें जीवनाचें झाड पुन्हां उभें आहे.

हा सांधा आपल्या लोकांना कळावा म्हणून गोव्यांतील इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनीं १६१६ मध्यें छापलेल्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’चे दोन भाग केले. पहिल्यांत जुनी कथा, दुसऱ्यांत येशूची. एकंदर जवळजवळ अकरा हजार ओव्या. पुढें पंडिता रमाबाईंनीं केडगांवास बसून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्यें छापून झालें.

नवख्या वाचकास माझें सांगणें एवढेंच. प्रथम दुसऱ्या ‘राजे’ची शेवटलीं दोन प्रकरणें वाचा, मग यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय, मग यशयाचा चाळिसावा. त्यानंतर उत्पत्तीपासून आरंभ करा. मत्तय अखेरीस, वंशावळीसकट. आणि निर्गमाच्या उत्तरार्धांत तीं पडद्यांचीं मापें पुन्हां येतील. इतके हात लांब, इतके हात रुंद, निळें, जांभळें व किरमिजी सूत. मंदिर जळाल्यावर ज्यांनीं तीं जपून ठेवलीं ते लोक मला तेव्हां दिसूं लागले, आणि त्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत मीं लेवीयहि पुरें केलें.