पाळणाघर चालविणाऱ्या मातेची रजा



बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत कामास जाणाऱ्या, अथवा इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरास नोकरी करणाऱ्या मातेपुढें सकाळीं पहिला प्रश्न उभा राहतो तो तान्ह्या मुलाचा. घरीं सासूबाई असल्या तर तो सुटतो. नसल्या तर आळींतील एखादी गृहिणी चार-पांच मुलें आपल्या घरीं सांभाळते. यालाच आपण घरगुती पाळणाघर म्हणतों. परंतु त्या गृहिणीच्याच घरीं पाळणा हलूं लागला म्हणजे काय करावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रसूतीच्या रजेचा कायदा आपल्याकडे नवा नाहीं. मुंबई इलाख्यांत तो १९२९ सालीं झाला, देशभरासाठीं १९६१ सालीं. २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि ५० वा अधिक नोकर असलेल्या संस्थांवर पाळणाघराची सोय करण्याचें बंधन आलें. हें सर्व योग्यच झालें. पण ही रजा धनी देतो. घरीं पाळणाघर चालविणारीला धनी कोण? जिच्या आधारावर इतर माता कामावर रुजू होतात, तिला स्वतःला रजा देणारें कोणी नाहीं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेंतून पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठीं ५००० रुपये मिळतात, ते तिनें अवश्य घ्यावे. परंतु तेवढ्यानें बुडालेली मिळकत भरून निघत नाहीं. शिवाय तिचें घर हेंच तिचें कामाचें ठिकाण. रीतीप्रमाणें ती माहेरीं गेली तर पाळणाघरास कुलूप लागतें, आणि दुसरीकडे गेलेलीं मुलें परत येतीलच असें नाहीं. म्हणून सवा महिना पुरा होण्यापूर्वींच ती कंबर बांधून उभी राहते.

माझ्या मतें ही रजा पालकांनींच दिली पाहिजे. सातव्या महिन्यांतच सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें: पाळणाघर किती दिवस बंद राहणार, तोंवर मुलें कोणी सांभाळावयाचीं, आणि कोणाची जागा राखून ठेवावयाची. दरमहा थोडी रक्कम आधींपासून बाजूस काढून ती बंदीच्या काळांत तिच्या हातीं द्यावी. तीन वर्षांवरील मुलें सकाळचे कांहीं तास अंगणवाडींत जाऊं शकतात.

पुन्हां आरंभ करतांना प्रथम निम्मींच मुलें घ्यावीं, आणि मदतीस एखादी प्रौढ स्त्री अवश्य ठेवावी. पहिले सहा महिने बाळास केवळ अंगावरचें दूध हवें, आणि बाळाची भूक घड्याळ पाहून लागत नाहीं. आई पाजीत असतां रांगणाऱ्या मुलांवर दुसऱ्या कोणाची तरी नजर पाहिजे.

आणखी एक गोष्ट. डांग्या खोकल्यावरील पहिली लस बाळास सहा आठवड्यांनीं, आणि गोवराची नऊ महिने पुरे झाल्यावर मिळते. तोंवर त्याचें रक्षण बरेंचसें इतरांच्या हातीं असतें. यासाठीं प्रत्येक मुलाचें लसीकरणाचें कार्ड पाहावें, आणि खोकला वा ताप असलेलें मूल त्या दिवशीं पालकांनीं घरींच ठेवावें. मग एक दिवसाचा पगार बुडाला तरी चालेल.

जिनें आपलें मूल सांभाळलें, तिच्या बाळाचे पहिले आठवडे निर्वेध जाऊं देणें हा उपकार नव्हे. तें पालकांवरील देणें आहे, आणि तें वेळेवर फेडलें पाहिजे.