चावडी कुणाच्या मालकीची?

(मीरा रोड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाभोवती तांत्रिक शब्दांचे पुष्कळ जंजाळ आहे. पण मूळ प्रश्न आपल्या परिचयाचाच आहे. समाज जिथे जमतो, बोलतो, भांडतो, ती जागा कुणाच्या मालकीची असावी?

आपल्या शहरापासूनच आरंभ करू. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. नाना भाषांची आणि धर्मांची माणसे येथे एकाच जिन्याने वर-खाली करतात. जानेवारी २०२४ मध्ये नया नगर परिसरात तणाव झाला. जून २०२५च्या अखेरीस मराठी बोलण्याच्या मुद्द्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. ३ जुलैला व्यापारी आणि ८ जुलैला मराठी भाषक रस्त्यावर उतरले. दोन्ही प्रसंगांच्या चित्रफिती पाहता पाहता देशभर फिरल्या. मारणारा हात माणसाचाच होता. त्याचा दोष यंत्रावर ढकलून मोकळे होता येणार नाही. परंतु गल्लीतले भांडण कुणापुढे किती वेळा आणून ठेवायचे, हे ज्या हिशोबाने ठरते तो हिशोब तपासणे आपले कर्तव्य आहे.

हिशोब सरळ आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ मधील उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते; त्यांपैकी सुमारे १६० अब्ज जाहिरातींतून आले. या कारखान्याचा कच्चा माल म्हणजे आपले लक्ष. संताप आणि भीती यांनी माणूस अधिक काळ खिळून राहतो, म्हणून त्यांना येथे भाव चांगला मिळतो. मालकाच्या अंगी दुष्टपणा असण्याचीही गरज नाही. नफ्याचे गणित आपले काम चोख करते.

जेथे जाहिरातीचा प्रश्न गौण होता तेथेही निर्णयाचा अधिकार आपल्याकडे नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले. म्हणजे बंधन घालणे शक्य होते. ते केव्हा घालायचे, हे मात्र परदेशातील एका कचेरीत ठरले.

यावर कुणी म्हणेल, स्वदेशी कंपनी काढा. तो प्रयोगही झाला. ‘कू’ २०२० मध्ये सुरू झाले आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडले. मालक देशी असो वा विदेशी, दुकानाचे दार त्याच्याच हाती असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकले गेले, तेव्हा तेथे वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या कोट्यवधी लोकांना कुणी विचारले होते?

मग लोक बाहेर का पडत नाहीत? २०१९च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले, तेव्हा अनेक भारतीय ‘मॅस्टोडॉन’वर गेले. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या अटींमुळे लोकांनी ‘सिग्नल’ची वाट धरली. पुष्कळ जण परतले. याला मनाचा दुबळेपणा समजू नये. टेलिफोनचे मोल दुसऱ्या टोकाला कोण आहे यावर ठरते. एकटा उठून गेला तर तो मुक्त होतो, पण मुकाही होतो. मक्तेदारीचे खरे बळ येथे आहे. त्या अटींबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. दंडाने मक्तेदाराला चिमटा बसतो, मक्ता सुटत नाही.

मॅस्टोडॉनची रचना या कोंडीवर बोट ठेवते. तेथे एकच मालक नाही. एखादी संस्था, संघटना किंवा मित्रमंडळ आपला सर्व्हर चालवते, नियम ठरवते आणि खर्च वर्गणीतून भागवते. तरी भाईंदरला टाकलेले पत्र नागपूरला पोहोचावे, तसे एका सर्व्हरवरील माणसाचे लिखाण दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाला मिळते. कारण सर्वांनी एक समान तांत्रिक संकेत मान्य केला आहे. एका ठिकाणचा कारभार पटला नाही, तर आपले अनुयायी बरोबर घेऊन दुसरीकडे जाता येते. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, त्यामागे हाच विचार होता. आपण राहतो त्या इमारतीही बहुतेक सहकारी संस्थांच्याच आहेत.

परंतु सहकाराचा पुढचा इतिहासही विसरू नये. सभासद झोपले की कारखाना एका घराण्याचा होतो. आणि केवळ सार्वजनिक मालकीने समता येत नाही. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ते सर्वांना खुलेही केले होते. तरी त्यातील ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. समूहाने चालवलेला सर्व्हर उद्या गावकीचा बहिष्कारही चालवू शकेल. म्हणून कुणाला काढायचे, कोणत्या कारणाने, आणि काढलेल्याने दाद कुठे मागायची, हे नियम पहिल्याच दिवशी लिहिले पाहिजेत. ते राबवणाऱ्यांत स्त्रिया, दलित आणि अल्पसंख्य असलेच पाहिजेत.

तेव्हा करायचे काय? उद्याच सर्व खाती बंद करा, असे मी सांगणार नाही. ज्या कामगाराची रोजची पाळी व्हॉट्सॲपवर कळते त्याला तसे सांगणे हा सुखवस्तूंचा उपदेश ठरेल. सामुदायिक स्थलांतर टप्प्याटप्प्याने करावे. शाखेने वर्गणीवर चालणाऱ्या सर्व्हरवर आपले घर करावे. वर्षभर दोन्हीकडे लिहावे, मात्र मूळ मजकूर आपल्या घरी आणि त्याची नक्कल बाजारात, असा क्रम ठेवावा. सभासदांचे पत्ते आणि जुने लेख आपल्या ताब्यात ठेवावेत. जाण्यायेण्याचा निर्णय एकेकट्याने न घेता सभेत घ्यावा.

याच्या जोडीला राजकीय मागणी हवी. २०११ पासून देशभर मोबाइल कंपनी बदलली तरी क्रमांक कायम राखता येतो. हा हक्क कायद्याच्या बळावर मिळाला. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपसारख्या बड्या सेवांवर इतर संदेशसेवांना दार उघडण्याची जबाबदारी आली आहे. तशी तरतूद भारतात व्हावी, यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींना जाब विचारला पाहिजे. दार कायद्याने उघडले तर बाहेर पडणाऱ्याला मुके व्हावे लागणार नाही.

चावडी बांधायला वेळ लागतो, वर्गणी लागते, झाडलोट करायला माणसे लागतात. दुसऱ्याच्या ओसरीवर बसायला यातले काहीच लागत नाही. म्हणूनच तेथून केव्हाही उठवले जाते. शाखेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जबाबदारी घेणाऱ्या पाच जणांची नावे तेथेच लिहून काढावीत, एवढी माझी विनंती आहे.