दुखणे अंगावर काढू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे. गेल्या वर्षी माझ्यावर जे दुखणे ओढवले ते चारचौघींत सांगावे, असा सर्वांचा आग्रह पडला म्हणून उभी आहे.

सहा महिने मला थकवा होता. जिना चढताना धाप लागे, कळशी उचलली की डोळ्यांपुढे अंधारी येई. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. घरच्यांनी आणि मीही एकच ठरवले, चाळिशीतली बाई, पाळीत जास्त जात असेल. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मला शौचाला काळे होई, ते मात्र मी कोणाजवळ बोलले नाही. लाज वाटली. लोहाच्या गोळ्यांनी काळे होते हे खरे, म्हणून मनाची समजूत घातली. पण माझे तर गोळ्यांच्या आधीपासूनच काळे होते, डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे. ते पोटातले रक्त होते! तेवढे एक वाक्य मी वेळेवर बोलायला हवे होते.

एके दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. धाकट्या जाऊबाईंनी मोरीत पाहिले आणि डॉक्टरांना काही न लपवता सांगितले. हिमोग्लोबिन सहावर आले होते. रक्त चढवले आणि तोंडावाटे दुर्बीण घालून जठर पाहिले. आत मोसंबीएवढी गाठ, तिच्या माथ्यावर जखम, तेथून रक्त झिरपत होते. वरचा तुकडा तपासला, त्यात काही निघाले नाही. ही गाठ आतल्या अस्तराखाली, जठराच्या भिंतीत वाढते, म्हणून वरवरच्या तुकड्यात ती पुष्कळदा सापडत नाही. मग सीटी स्कॅन झाला आणि शस्त्रक्रिया ठरली.

कॅन्सर हा शब्द ऐकून मी रात्रभर धाकटीच्या अंगावर हात ठेवून जागी होते. तिची बारावी होती.

डॉक्टरांनी गाठ न फोडता, भोवतीच्या थोड्या निरोगी भागासह सबंध काढली. फुटली तर रोग पोटात पसरण्याचे भय असते. जठर बहुतेक शाबूत राहिले. तपासणीत नाव निघाले 'जिस्ट'. जठराच्या नेहमीच्या कॅन्सरहून हा निराळा आणि विरळा. 1998 साली जपानी संशोधकांनी त्यामागचा किट नावाच्या जनुकातला बिघाड शोधला. त्या बिघाडाला आवर घालणारी इमॅटिनिब ही गोळी या रोगावर 2000 साली फिनलंडमधल्या एका बाईला प्रथम दिली. गाठ केवढी, कोठे आणि तिच्या पेशी किती वेगाने वाढतात, हे पाहून गोळी द्यायची की नाही ते ठरते. मला तीन वर्षे घ्यायची आहे. मधून मधून स्कॅनही करायचा आहे.

गोळीने सकाळी माझे डोळे सुजतात. शेजारणी विचारतात, "वहिनी, रडलात का?" नाही हो, रडून झाले!

भगिनींनो, घरात कोणाचे पोट बिघडले तर आपण दहादा विचारतो. तसेच स्वतःकडेही पाहा. शौचाला काळे झाले, विनाकारण थकवा आला, तर लाजू नका. डॉक्टरांना सांगा, आणि गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. धाकटी बारावी पास झाली, आणि तिचे पेढे मी स्वतःच्या हाताने वाटले, एवढे सांगून मी आपली रजा घेते.