दुचाकीच्या बॅटरीवर हवेचा पंप



आपला सातारा-सांगलीचा मुलूख दुचाकीवर फिरणारा. दूध घालायला, शाळेवर शिकवायला, कारखान्यावर पाळीला, लग्नकार्याला दुचाकीच लागते. महामार्गावर उंब्रज, कराड, पेठ नाका असे करत गेलात तर पंक्चर काढणारा कुठे ना कुठे भेटतो. पण यवतेश्वरचा घाट चढून कास-बामणोलीच्या बाजूला गेलात, किंवा जत-आटपाडीच्या माळावर आडवाटेला लागलात, की अंधार पडल्यावर दुकान उघडे मिळेलच असे नाही. आणि बाभळीचा काटा काही वेळ पाहून टोचत नाही.

म्हणून हल्ली बरेच जण मोटारीसाठी मिळणारा छोटा विजेचा पंप डिकीत टाकतात. मोटारीत तो सिगारेट लायटरच्या खोबणीत खोचला की चालतो. मोटारसायकललाही 12 व्होल्टचीच बॅटरी आहे, मग तिच्यावर तो चालेल का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चालतो. पण जोडणी आणि वापर नीट नसेल, तर चाकात हवा भरते आणि गाडी मात्र सुरू होत नाही. आजचे बोलणे त्यासाठीच आहे.

हवेचा टायर आणि आपला भाग यांची एक गंमत सांगतो. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले ते 1888 साली. त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पंप हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी बसला. त्यामुळे विहिरीवरची मोटर जाणणाऱ्याला आजचा विषय निम्मा आधीच कळलेला आहे.

विहिरीवर लांबून बारीक केबल ओढली की काय होते? खांबावर व्होल्टेज पुरेसे असते, पण मोटरपर्यंत पोचेतो ते गळते. मोटर रखडते, गरम होते. हवेच्या पंपाचेही तसेच. असा पंप साधारण 100 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 8 अँपिअर ओढणारा. काही पंप त्याहून जास्त ओढतात. आता अर्धा स्क्वेअर एमएमची बारीक वायर घेऊन बॅटरीपासून दोन मीटर लांब नेली, तर जाण्या-येण्याची मिळून चार मीटर तांब्याची तार झाली. 8 अँपिअरला तिच्यात एक व्होल्टहून जास्त खर्ची पडतो. तीच वायर दीड स्क्वेअर एमएमची घेतली तर नुकसान त्याच्या एक तृतीयांश. घरातल्या प्लगला घालतात ती अडीचची घेतली तर आणखी चांगले. पंपाची स्वतःची वायर लांब असतेच, त्यात आपली भर कमीत कमी असावी.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या आकाराची. मोटारीची बॅटरी 35 अँपिअर-तास किंवा त्याहून मोठी. रोजच्या वापरातल्या मोटारसायकलची बॅटरी अनेकदा तीन ते पाच अँपिअर-तासांची. मोटार म्हणजे कणगी, तर ही पिशवी. पंप 8 अँपिअरने चार मिनिटे चालला, तर अर्धा अँपिअर-तास गेला. नव्या बॅटरीला ते झेपते. पण दोन-तीन वर्षांच्या थकलेल्या बॅटरीत मुळात निम्मेच उरलेले असते, आणि लहान बॅटरीतून एकदम मोठा प्रवाह ओढला की तिचे व्होल्टेज लवकर बसते. मग बटण दाबले की नुसते टकटक ऐकू येते.

पूर्वी अशा वेळी किक होती. बॅटरी मेलेली असली तरी अनेक जुन्या गाड्या किकवर सुरू होत. एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि बहुतेकांत कार्बोरेटरच्या जागी फ्यूएल इंजेक्शन आले. त्यातला पेट्रोलचा पंप आणि नियंत्रण करणारा छोटा संगणक या दोघांना बॅटरी लागते. कित्येक गाड्यांना तर किकच नाही. ढकलून सुरू करायची म्हटले तरी बॅटरीत थोडा जीव हवाच.

म्हणून पहिला नियम असा, की पंप चालू असताना इंजिन चालू ठेवायचे. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि उघड्यावर. बंद शेडमध्ये हे करू नये, धूर जिवावर बेततो. नुसत्या आयडलवर चार्जिंग कमी होते, शिवाय एप्रिल 2017 नंतरच्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. जुन्या पद्धतीचा बल्ब असेल तर 35 वॅट तोच खातो. तेव्हा ॲक्सिलरेटर किंचित वाढवून धरावा. पंपही सलग दामटू नये. किती मिनिटे चालवायचा आणि किती थंड होऊ द्यायचा, हे त्याच्या पुस्तिकेत असते.

दुसरा नियम जोडणीचा. मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटवर हा पंप चालणार नाही. पाच व्होल्ट आणि दोन अँपिअर म्हणजे दहाच वॅट होतात. हॉर्नच्या किंवा दिव्याच्या वायरीतूनही फाटा काढू नये. अनेक लहान गाड्यांचा मुख्य फ्यूज 10 किंवा 15 अँपिअरचा असतो. पंपाचा भार त्याच्यावर टाकला आणि तो उडाला, की सगळी गाडीच मुकी होते. पंपाची वायर थेट बॅटरीवरून घ्यावी, तिच्या पॉझिटिव्ह बाजूला स्वतंत्र फ्यूज घालावा आणि तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. पुढे कुठेही वायर घासून चासीला टेकली, तरी आग लागण्याआधी तो फ्यूज जातो. पंपावर 10 अँपिअर लिहिले असेल तर 15 चा पुरे. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तार गुंडाळू नये, हे सांगायला नको.

वायरीचे टोक सीटखालून बाजूला काढून, झाकण असलेला दोन पिनांचा जोड बसवावा. चिमटे लावण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण सीटखालच्या अडचणीत ते निसटतात, ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू बाहेर पडू शकतो. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना चासीला लागला तरी भडका होत नाही.

आता पंपाच्या मर्यादा. टायर ट्यूबलेस असेल तर पंप खरा उपयोगाचा. काटा किंवा खिळा उपसू नका, हवा भरा आणि हळू चालवत दुकान गाठा. ट्यूब असलेल्या चाकात ती हवा बहुधा चार पावलेही टिकत नाही. टायर रिंगपासून सुटला असेल, तर छोट्या पंपाच्या बारीक धारेने तो परत बसणे कठीण. किती हवा भरायची तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, मागे माणूस बसणार असेल तर वेगळा.

हल्ली स्वतःची बॅटरी असलेले पंपही मिळतात. ते सोयीचे आहेत, पण डिकीत सहा महिने विसरलेला पंप ऐनवेळी रिकामा निघतो. पायाने मारायच्या पंपाला यातले काहीच लागत नाही, फक्त आपला घाम लागतो. वयस्कर माणसाला किंवा रात्री एकट्याने प्रवास करणाऱ्या भगिनीला मात्र चार मिनिटांत काम उरकणारा पंप मोठा आधार आहे.

एक विनंती करतो. पंप जोडून घेतलात तर त्याची पहिली परीक्षा घाटात होऊ देऊ नका. सुट्टीच्या दिवशी अंगणात मागच्या चाकातली हवा निम्मी सोडा, इंजिन चालू ठेवून पुन्हा भरा. किती मिनिटे लागली ते घड्याळात पाहा, वायर आणि जोड हाताला गरम लागतात का ते चाचपा. मग इंजिन बंद करून पुन्हा बटण दाबा. गाडी एका दमात सुरू झाली तर जोडणीही बरी आणि बॅटरीही. कुरकुरली, तर बॅटरी बदलायची वेळ झाली आहे, आणि हे दारातच कळले ते बरे झाले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)