टोपी कोणाची?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझा विषय ‘अपघात आणि कायदा’ असा छापलाय. तो फार मोठा आहे. मला त्यातलं एकच बोलायचंय. वाहन एकाचं, चालवणारा दुसरा आणि काम तिसऱ्याचं असेल, तर अपघाताची भरपाई कोणी द्यायची? माझं मत आधीच सांगतो. ज्याच्या घड्याळावर चाक फिरतं, त्यानं द्यायची.

साखर कारखान्यांचं गाळप आत्ताच संपलंय. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, वाढ्यासकट बाहेर लोंबणारा ऊस, मागं लाल दिवा नाही, हे चित्र मी या सभागृहाला काय सांगू? 1988 चा मोटार वाहन कायदा, कलम 166, न्यायाधिकरण, हेही तुम्हाला माहीत आहे. त्या कलमाखालच्या भरपाईच्या अर्जात सामनेवाले तीन: क्रमांक एक चालक, दोन मालक, तीन विमा कंपनी. चौथी जागा बहुतेक वेळा कोरी राहते. मी आज त्या कोऱ्या जागेबद्दल बोलणार आहे.

पण त्याआधी दोन मिनिटं इंग्लंडला जाऊन येऊ. साल 1840. दोन वयस्क बायका. त्यांच्याकडे स्वतःची घोडागाडी होती, पण घोडे नव्हते. घोड्यांची जोडी आणि गाडीवान एका तबेलेवालीकडून भाड्यानं यायचे. गाडीवान नेहमी तोच. पगार तबेलेवालीचा, वर प्रत्येक फेरीला दोन शिलिंग या बायकांचे. त्यांनी त्याला आपल्या घरचा अंगरखा आणि टोपी दिली होती. रस्त्यानं गाडी निघाली की बघणाऱ्याला वाटावं, हा यांच्याच घरचा माणूस. फेरी संपली की टोपी त्यांच्या घरात ठेवायची आणि मग घोडे तबेल्यात न्यायचे.

एके दिवशी तो टोपी ठेवायला आत गेला. घोड्यांपाशी कोणी नाही. घोडे उधळले आणि एका माणसाच्या गाडीवर जाऊन आदळले. त्यानं दावा लावला तो या दोन बायकांवर. न्यायालयानं सांगितलं, गाडीवान तुमचा नोकर नाही, तो तबेलेवालीचा. त्याला निवडला तिनं, पगार देते ती, काढून टाकू शकते तीच. बायका सुटल्या. आज ‘स्वतंत्र ठेकेदार’ म्हणून जे आपण ऐकतो, त्याचं एक मोठं मूळ या निकालात आहे.

आणि हे तेव्हाही उघड होतं असं समजू नका. त्याआधी 14 वर्षं, 1826 मध्ये, भाड्याच्या घोड्यांचाच असा एक खटला चार न्यायाधीशांपुढे आला, तेव्हा दोघे एका बाजूला आणि दोघे दुसऱ्या बाजूला पडले होते. म्हणजे कायदा उलट्या अंगानंही वळू शकला असता. मला 1840 च्या खटल्यात सगळ्यात जास्त त्या टोपीनं छळलं आहे. माणूस घोडे सोडून गेला कशासाठी? टोपी ठेवायला. टोपी कोणाची? बायकांची. न्यायालयानं याचाही विचार केला होता बरं का. न्यायाधीशांचं म्हणणं, घोड्यांपाशी कोणी नसताना टोपी आत नेऊन ठेव, असा हुकूम बायकांनी दिल्याचा पुरावा नाही. हे वाक्य नीट ऐका. आमच्या न्यायाधिकरणात कारखान्याचा साक्षीदार जवळजवळ हेच म्हणतो. दिव्याशिवाय रात्री ट्रॉली ओढ, असं आम्ही कधी सांगितलं नाही.

(मागून आवाज: “वकीलसाहेब, आमच्या कारखान्यानं टोपी पण दिली नाही!” हशा.)

टोपी दिली नसेल, ऊस वाहतुकीची स्लिप तर दिली ना? कोणाच्या खिशात आहे का या हंगामातली एखादी? आहे? द्या पुढं. हातोहात येऊ द्या.

ही बघा. घामानं अक्षर फुटलंय, पण वाचता येतं. वर स्लिप क्रमांक. मग शेतकऱ्याचा कोड, गट, उसाची जात, लागणीची तारीख. खाली वाहनाचा कोड, ठेकेदाराचा कोड, टोळीचा कोड. शेवटी काट्यावरची वेळ: रात्री 2 वाजून 40 मिनिटं. या कागदावर ट्रॅक्टरमालकाचं नाव नाही, त्याचा आकडा आहे. कोणत्या फडात जायचं हे शेतकी ऑफिस ठरवतं. स्लिप स्लिपबॉय देतो. गाडीतळावर नंबर कधी लागेल आणि गव्हाणीत मोळ्या कधी पडतील, हे यार्ड ठरवतं. वाहतुकीचा दर कारखाना ठरवतो आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च म्हणून शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून तो कापून घेतला जातो. मग हा ठेकेदार स्वतंत्र आहे तो नेमका कशात? हप्ते फेडण्यात. डिझेल भरण्यात. आणि माणूस मेला की कोर्टात उभं राहण्यात.

एक दावा सांगतो. गावाचं, कारखान्याचं नाव घेत नाही. पंक्चर झालेली मागची ट्रॉली रस्त्याच्या कडेला, पहाटेचा अंधार, खुणेला दोन दगड ठेवलेले. दुधाचे कॅन घेऊन जाणारा मोटारसायकलवाला मागून आदळला, जागीच गेला. माझ्याकडे त्याची पत्नी आली, कडेवर पोर. ट्रॅक्टरचा चालक बावीस वर्षांचा. उलटतपासणीत तो म्हणाला, ही माझी सलग तिसरी रात्र होती. मी विचारलं, थांबला का नाहीस? म्हणाला, “नंबर गेला असता.” तीनच शब्दांचं उत्तर, पण त्यात कारखाना होता. कागदावर मात्र कारखाना नव्हता.

विमा कंपनीचं म्हणणं असं: ट्रॅक्टर शेतीकामासाठी नोंदलेला, वाहिला भाड्याचा ऊस, आणि ट्रॉलीचा विमाच नाही. न्यायाधिकरणानं ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश दिला. 2004 सालापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ती वाट पक्की आहे आणि त्या बाईला त्यामुळेच पैसे मिळाले. मिळाले ते सात वर्षांनी. नंतर कंपनी वसुलीला गेली ती तीन एकरवाल्या ट्रॅक्टरमालकाकडे. ट्रॅक्टर गेला. तो माणूस माझ्या ऑफिसबाहेर बाकावर येऊन बसला होता, काही न बोलता. मी त्याच्या विरुद्ध बाजूचा वकील. त्या अर्जात सामनेवाला क्रमांक चार, म्हणजे कारखाना, मी घातलाच नव्हता. तेव्हा तशी रीत नव्हती, म्हणून. आज मी तो घातल्याशिवाय अर्जावर सही करत नाही.

आणि याला कायद्याचा आधार नाही असं कोणी म्हणू नये. राजस्थानच्या खटल्यातला 1997 चा निकाल बघा. तिथल्या एस.टी. महामंडळानं खाजगी बस भाड्यानं घेतली होती. चालक बसमालकाचा, कंडक्टर महामंडळाचा. पूर आलेल्या नाल्यात चालकानं बस घातली. महामंडळ म्हणालं, चालक आमचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं विचारलं ते एवढंच की बसवर ताबा आणि हुकूम कोणाचा चालत होता? आणि महामंडळाला जबाबदार धरलं. 2014 मध्ये आसामच्या खटल्यात सरकारनं ताब्यात घेतलेल्या वाहनाबद्दलही तोच विचार झाला. उलट बाजूही सांगायला हवी. 2018 मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं, नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. ते योग्यच आहे, नाहीतर गाडी पाचव्या माणसाला विकली म्हणून वारसानं कोणाला शोधायचं? पण नोंदलेला मालक जबाबदार आहे, म्हणून हुकूम देणारा मोकळा, असा अर्थ त्यातून काढणं चूक आहे. दोघांनाही उभं करता येतं.

(पहिल्या रांगेतून कारखान्याचे एक संचालक: “पण करारात स्पष्ट कलम आहे. अपघाताची सर्व जबाबदारी ठेकेदाराची.”)

आहे, साहेब. मी वाचलंय. पण तो करार तुमच्यात आणि ठेकेदारात. दूधवाल्याच्या बायकोनं त्यावर सही केलेली नाही. तुम्ही दोघांनी आपसात काहीही ठरवा, तिचा हक्क तुम्ही कसा काढून घेणार? आणि ठेकेदाराचाच माणूस मेला तर? 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात कलम 12 होतं. ठेकेदाराच्या कामगाराला इजा झाली तर मूळ काम ज्याचं त्यानं भरपाई द्यायची. फार शहाणं कलम. पण त्यालाच मेख मारून ठेवलेली: अपघात मूळ मालकाच्या आवारात किंवा ताब्यातल्या जागेत, निदान तिथल्या आसपास, व्हायला हवा. म्हणजे गाडीतळावर मेला तर कारखाना, आणि आठ मैलांवर त्याच उसाखाली मेला तर कोणी नाही! पुण्यात अंगावर कंपनीचा टी-शर्ट घालून पाठीवर कंपनीची पिशवी वाहणारी तुमची पोरंही अशाच मेखेत अडकलेली असतात. ती सगळी टोपीवाल्या गाडीवानाचीच भावंडं.

(संचालक: “कारखाना सभासदांचा आहे. पैसे शेवटी सभासदाच्याच खिशातून जाणार.”)

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मला त्याचा राग नाही. पण गाळप लाखो टनांचं असतं. प्रत्येक ट्रॉलीचा विमा, मागचे रिफ्लेक्टर, चालकाचा अपघात विमा, हे सगळं टनावर वाटलं तर काय येतं, हा हिशेब शेतकी ऑफिसात एका दुपारचा आहे. तो करून वार्षिक सभेत मांडा. त्या सभेत तो ट्रॅक्टरमालकही सभासद म्हणून बसलेला असेल. आज सगळं ओझं त्या एकट्यावर आहे, तेव्हा कोणाच्या खिशातून जातंय?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली म्हणतात. विमा पॉलिसीतले अपवाद आणि भरपाईचं गणित, म्हणजे वय, उत्पन्न आणि गुणकांक, हे दोन्ही राहिलं. ते प्रश्नोत्तरांत घेऊ. एकच सांगतो. 2022 पासून अपघाताच्या तारखेनंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट कायद्यात आली आहे. गावातली माणसं तेराव्यानंतर, वर्षश्राद्धानंतर येतात. तसं थांबू नका. आणि येताना पंचनाम्याबरोबर स्लिपही आणा.

ज्यांची ही स्लिप आहे त्यांनी ती परत घ्यावी. घडी घालू नका, बाबा, वेळेचा आकडा घडीवरच येतोय.