आठवण हरवलेला नायक

संगणकावरचे खेळ म्हणजे नुसता गोळीबार, असा माझा समज होता. भाचा म्हणाला, "मामू, हा खेळ वाचायचा असतो." तो होता १९९९ सालचा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'. नायक शवागारात जागा होतो. स्वतःचे नावही आठवत नाही. त्याला मरण येते, पण टिकत नाही. तलवारीपेक्षा संवादच जास्त कामी येतात.

नवख्याने मात्र २०१९ च्या 'डिस्को इलिझियम'पासून सुरुवात करावी. एस्टोनियन कादंबरीकार रॉबर्ट कुर्विट्झ यांच्या या खेळात स्मृती गेलेला पोलीस खुनाचा तपास करतो. फासे पडतात ते संभाषणातच. मग 'टॉर्मेंट'कडे वळावे.

आठवण गेल्यावर माणसात काय उरते, हाच दोन्ही खेळांचा प्रश्न. माझ्या अम्मीला आता माझे नाव आठवत नाही. जेवलास का, हे मात्र ती रोज विचारते.